चेंडूतलं कुंकू

अण्णांच्या शोकसभेचं पत्रक क्लबच्या शिपायाने आणून दिलं तेव्हा माझे वडील, अप्पा, एका पोलक्याला बाही जोडत होते. आमचं शिंप्याचं दुकान म्हणजे पेठेतल्या घराची पुढची खोली. एक मशीन, एक कापायची फळी आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. त्या बाकावर गिऱ्हाइकांपेक्षा अण्णांचे चाहते जास्त बसत. त्या दिवशी कंडक्टर बसला होता. तो खरोखरच बसचा कंडक्टर होता आणि गल्लीत त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. तो कन्नड अक्षरांवर बोट फिरवत मोठ्याने वाचू लागला. आमच्या क्लबचे माजी खेळाडू, अकाली निधन, रविवारी दुपारी चार वाजता क्लबच्या हॉलमध्ये. मग तो थांबला.

"पुढे वाच की," अप्पा म्हणाले.

"अध्यक्षस्थानी कोण, सांगा."

त्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"सेक्रेटरी!" कंडक्टरने पत्रक बाकावर आपटलं. "ज्याने मारलं तोच तेराव्याचा यजमान. आता लाडूही तोच वाढणार आणि वर विचारणार, अजून एक घ्या."

अप्पांचं मशीन थांबलं होतं. मला तेव्हा वाटलं, रागाने थांबलं.

"ए कॉलेज," कंडक्टर माझ्याकडे वळला. "तू बोलायचं. सगळ्यांसमोर. त्याला असा सोलायचा की खुर्चीवरून उठताना साल खुर्चीलाच राहिली पाहिजे."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी बी.एस्सी.ला आहे, पण गल्लीला वाटतं की कॉलेजात गेलेला माणूस थोडा वकील, थोडा डॉक्टर आणि थोडा पुढारी असतो. प्रत्यक्षात वर्गात हजेरीला उत्तर देतानासुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. तरी मी हो म्हणालो. नंतर मी मनाशी त्याला श्रद्धांजली, कर्तव्य अशी चांगली नावं दिली. पण खरं सांगायचं तर मला सूड हवा होता.

अण्णा कोण होते हे आधी सांगायला हवं.

आमच्याकडे बॉल बॅडमिंटन खेळतात. साहेबांच्या क्लबात पिसांचं शटल घेऊन छपराखाली खेळतात ते वेगळं. आमचा चेंडू पिवळ्या लोकरीचा, लिंबापेक्षा थोडा मोठा. कोर्ट उघड्यावर, तांबड्या मातीचं, आणि एकेका बाजूला पाच-पाच जण. पेठेतली शिंपी, रंगारी, गिरणीतली, कचेरीतली माणसं संध्याकाळी हेच खेळत आणि हेच बघत. चेंडू हलका असल्यामुळे वारा त्याला हवं तिकडे नेतो. बाकीचे खेळाडू वाऱ्याला शिव्या देत. अण्णा मात्र सर्व्हिसच्या आधी चिमूटभर माती उचलून सोडत, ती कुठे पडते ते बघत, आणि मग वाऱ्याकडूनच अर्धं काम करून घेत. ते जोरात मारत नसत. चेंडू जाळीवरून जेमतेम पलीकडे जाई आणि तिथेच बसे, मांजर बसावं तसा. समोरचे धिप्पाड गडी त्याच्याकडे बघत राहत.

ते दिवसा एका सरकारी कारखान्यात फिटर होते. आमच्यासारखेच जुन्या मराठी घरातले, म्हणजे कन्नडमध्ये भांडणारे आणि मराठीत देवाला हात जोडणारे. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना अण्णाच म्हणत; ते मात्र अप्पांना नात्याशिवायच मामा म्हणत. सामन्यात वापरून चपटे झालेले चेंडू ते पिशवीत भरून गल्लीत आणत. बायका ते उसवून वरची लोकर सोडवून घेत आणि तान्ह्या पोरांची टोपडी विणत. आमच्या गल्लीत पाच-सहा वर्षं जन्मलेलं प्रत्येक मूल पिवळ्या टोपड्यात होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं टोपडं आईने अजून ठेवलं आहे. मोठे खेळाडू कप आणि ढाली मागे ठेवून जात असतील. आमच्याकडे त्यांचं हेच आहे.

क्लबच्या हॉलमध्ये कर्णधारांची पाटी होती. काळी लाकडी फळी, त्यावर सोनेरी अक्षरांत एकाखाली एक वर्षं आणि नावं. अण्णांचं नाव तीन ओळींवर होतं. मी शाळेत असताना आम्ही चार-पाच जण फक्त ती पाटी बघायला हॉलमध्ये जायचो. पेठेतल्या कारागिराचं नाव सोन्याने लिहिलेलं आम्ही दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

ते नाव पुसलं गेलं त्याला आता चार दसरे झाले.

दरवर्षी दसऱ्याला क्लबची स्पर्धा असे. खंडेनवमीला, जिला इथे सगळे आयुधपूजा म्हणतात, बॅटा, जाळी आणि दुसऱ्या दिवशीच्या अंतिम सामन्याचे नवे चेंडू यांची क्लबच्या सामानखोलीत पूजा होई. पूजा अप्पा करत, कारण संघाचे कपडे तेच शिवत आणि मंत्रातले दोन शब्द त्यांना येत. कर्णधार म्हणून अण्णा क्लबच्या दारात कोहळा फोडत. त्या वर्षीही तसंच झालं. मी सगळ्यांबरोबर बाहेर कोहळा बघायला उभा होतो. मग पेढे, खोबरं, कापूर. अण्णांनी चेंडूंच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सामन्यात पाहुण्या संघाचे फटके जाळीत अडकू लागले. त्यांचे दोघे जोरात मारणारे होते, ते चेंडूकडे बघून मान हलवत होते. अण्णांचं हळू खेळणं मात्र त्या दिवशी आणखीच बसत होतं. दुसऱ्या डावात पाहुण्यांच्या कर्णधाराने चेंडू पंचांच्या हातात दिला. पंचांनी तो दाबला. तळव्याला ओल लागली. पेटी आणवली. सगळे चेंडू जड होते.

सेक्रेटरी कोर्टाच्या मधोमध आले. एका कचेरीत ते मोठे अधिकारी होते, कोट कधी काढत नसत. त्यांनी विचारलं, "किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," अण्णा म्हणाले.

"चेंडू भिजवले कुणी?"

अण्णांनी एक चेंडू उचलला. त्याच्यावरचा धागा नखाने थोडा बाजूला केला, आत बघितलं, आणि तो खिशात टाकला.

"किल्ली माझ्याकडे होती. जबाबदारी माझी," ते म्हणाले.

एवढंच. त्यानंतर त्यांनी त्या बाबतीत एक शब्द काढला नाही. क्लबने त्यांना लबाडी केली म्हणून कायमचं काढलं. बाकीच्या क्लबांना तशी पत्रं गेली. पाटीवरची शेवटची ओळ काळ्या रंगाने बुजवली, आणि पुढच्या बैठकीत वरच्या दोन्हीही. पुढच्या वर्षी सेक्रेटरींच्या बहिणीचा मुलगा कर्णधार झाला. गल्लीने दोनात दोन मिळवले. चेंडू सेक्रेटरीनेच भिजवले, भाच्यासाठी. पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असणारच. चार वर्षं आमच्या बाकावर रोज याच खटल्याची सुनावणी झाली आणि रोज त्याला तीच शिक्षा झाली.

अण्णा गल्ली सोडून शहराच्या टोकाला के. आर. पुरमला बहिणीकडे राहायला गेले. तिचे यजमान रेल्वेत पॉइंट्समन होते, स्टेशनाजवळ क्वार्टर होतं. अण्णा तिथूनच कारखान्यात जात. कोर्टावर ते पुन्हा दिसले नाहीत. यंदा कावीळ झाली, बारा दिवसांत गेले. स्मशानात पेठेतली इतकी माणसं आली की लाकडं देणाऱ्याने विचारलं, कोण पुढारी का? कंडक्टर म्हणाला, "पुढारी असता तर पाटीवर नाव असतं." चिता पेटली तेव्हा मी मनात शपथ घेतली. आता लिहिताना ओशाळल्यासारखं होतं, पण शब्द हेच होते: त्या माणसाला मी त्याच पाटीखाली उभा करीन आणि थुंकलेलं गिळायला लावीन.

सभेला आठवडा होता. मी पुरावा शोधायला के. आर. पुरमला गेलो.

अण्णांच्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. उंच, सडसडीत, अण्णांसारखीच चाल. दारात ज्वारी पाखडत बसली होती. मी भाषण करणार आहे हे तिला कळलं होतं.

"काय बोलणार आहेस?"

"सगळं. त्यांनी कसे चेंडू भिजवले, भाच्याला कसं..."

"तू बघितलंस?"

"नाही. पण..."

"मीही नाही." तिने सूप खाली ठेवलं. "हे बघ, भाषणं पुष्कळ होतील. तो मेल्यावर सगळ्यांच्या जिभेला पालवी फुटली आहे. मला एकच हवं. पाटीवर त्याचं नाव. तीन ओळी होत्या, तीनही. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, तरी हवेत बोटाने पाटी पुसत होता. माझ्याने ते बघवलं नाही. नाव आणशील तर माझ्याकडे जेवायला ये. नाही आणलंस तर स्वल्प लांबच राहा."

मग ती आत गेली आणि एक बिस्किटाचा डबा घेऊन आली. आत कापडात गुंडाळलेला एक चेंडू होता. त्या सामन्यातला, खिशात टाकलेला.

"हा त्याने कुणाला देऊ दिला नाही. उसवूही दिला नाही. तू शिकलेला आहेस, बघ काही कळतं का."

मी तो चेंडू कॉलेजात नेला. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू आहे, श्वास लागला तरी त्याचा काटा हलतो. मला वाटलं, या चेंडूचं आणि नव्या चेंडूचं वजन करावं, फरक दाखवावा, आणि किती पाणी ओतलं ते सभेत आकड्यांत सांगावं. शास्त्र म्हटल्यावर सेक्रेटरी काय बोलणार? प्रयोगशाळेतल्या सरांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी चार वर्षांपूर्वी घातलं?"

"हो सर."

"मग ते अजून तुमची वाट बघत आत बसलं असेल?"

शेजारचे दोघे हसले. माझे कान तापले. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पण सर वाईट नव्हते. त्यांनी चेंडू हातात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "हा कडक का झालाय? नुसत्या पाण्याने लोकर अशी चिकटत नाही. उसवून बघा."

त्या दिवशी दुपारी मी दुकानातल्या बाकावर बसून चेंडू उसवायला घेतला. अप्पा समोर मशीनवर होते. वरचे थर सुटले, मग धागा एकमेकाला चिकटलेला लागला, गुळाच्या पाकात बुडवून वाळवल्यासारखा. मी नखाने सोडवत गेलो. आणखी आत लोकर पिवळी नव्हती. लाल होती. डाग पसरून कडेला फिकट झालेले, मधे गडद.

मला काही उमगेना. "अप्पा, हे रक्त असेल का?"

अप्पा उठले, माझ्या हातातून चेंडू घेतला, उजेडात धरला. मग दुकानाच्या दाराची एक फळी लावून घेतली. दिवसाउजेडी ते असं कधी करत नसत.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "माझं."

ते बाकावर माझ्याशेजारी बसले. पुढचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

दरवर्षी ते चेंडूंना नुसतं कुंकवाचं बोट लावत आणि फुलाने दोन थेंब तीर्थ शिंपडत. त्या वर्षी पाहुणा संघ फार जोरदार होता. सगळी गल्ली धास्तावली होती. अप्पांच्या मनात आलं, देवाला यंदा जरा जास्त घालू. सगळे कोहळा बघायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि त्याचं सगळं पाणी पेटीतल्या चेंडूंवर ओतलं. कुंकू त्याबरोबर आत गेलं. वरून पुसून घेतलं, म्हणून दिसलं नाही. रात्रभर पेटी बंद.

"लोकर पाणी पिते हे मला कळू नये? मला? हयात कपड्यात गेली. पण त्या वेळी ते चेंडू आहेत असं वाटलंच नाही रे. देव्हाऱ्यातले देव वाटले."

"अण्णांना माहीत होतं?"

"सामन्यातच कळलं त्याला. दुसऱ्या दिवशी इथे आला, याच बाकावर बसला. म्हणाला, मामा, तीर्थ किती घातलंत? मी पाया पडायला गेलो तर हात धरला. म्हणाला, कुणाला सांगू नका. लोक वेडे झालेत, दुकान जाळतील. तुम्हाला गल्लीत राहायचंय, मला कोर्टावर. कोर्ट दुसरं मिळेल."

"आणि मिळालं नाही."

"नाही मिळालं."

"तेव्हा तरी सांगायचं होतंत."

अप्पा चेंडूचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिले.

"चार वर्षं! या बाकावर रोज सेक्रेटरीला फाशी देत होतो आम्ही. तुम्ही मशीन चालवत ऐकत होतात!"

"रोज वाटायचं, उद्या सांगू."

मला माझ्या वडिलांचा इतका राग कधी आला नव्हता. चार वर्षं जपलेला सूड एका क्षणात घरात शिरला होता आणि माझ्यासमोर बाकावर बसला होता, गळ्यात टेप घालून. मी उठलो. दाराशी गेलो तेव्हा अप्पा म्हणाले, "एक राहिलं. सेक्रेटरी तिथे होता."

"कुठे?"

"सामानखोलीच्या दारात. मी पाणी ओतलं तेव्हा बघत होता. म्हणाला, जोरात आहे पूजा या वर्षी. त्याच नारळाचा प्रसाद खाल्ला त्याने. वर दोन तुकडे मागून घेतले, भाच्याला म्हणून. मी कागदात बांधून दिले."

मी परत वळलो.

"म्हणजे त्याला सामन्यातच ठाऊक होतं?"

"ओल कशाची ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने विचारलं, चेंडू भिजवले कुणी? अण्णा गप्प राहिला. मी गप्प राहिलो. आणि विचारणारा उत्तर खाऊन बसला होता."

ते तीन दिवस मी अप्पांशी बोललो नाही. जेवायला बसलो तरी पाठ करून बसलो. आई विचारत राहिली. भाषण मी पुन्हा लिहिलं, चार वेळा. सेक्रेटरीवर लिहिताना हात भरभर चाले. "परंतु चेंडू ओले झाले ते" इथे आलं की थांबे. ते वाक्य अप्पांशिवाय पुरं होत नव्हतं. शनिवारी मी कागद त्यांच्या फळीवर ठेवला आणि पहिल्यांदा बोललो, "मी सगळं सांगणार आहे."

अप्पांनी कागदाकडे बघितलं. वाचता त्यांना बेताचंच येतं. "सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "सांग."

रविवारी हॉल भरला होता. खिडक्यांतही माणसं होती. टेबलावर अण्णांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. मागे भिंतीवर ती पाटी, आणि सेक्रेटरींची खुर्ची बरोबर तिच्याखाली. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. ती फोटोकडे बघत नव्हती, पाटीवरच्या तीन काळ्या ओळींकडे बघत होती.

आधी दोघेतिघे बोलले. कंडक्टर म्हणाला, "सामना असला की माझी बस मैदानापाशी पाच मिनिटं जास्त थांबायची. एकही प्रवासी ओरडला नाही. खिडकीतून तेच विचारायचे, किती झाले? आता बस वेळेवर जाते. असली वेळेवर जाणारी बस माझ्या वैऱ्याला मिळो." हे म्हणताना तो सेक्रेटरींकडे बघत होता. लोक हसले आणि लगेच रडले.

मग सेक्रेटरी उठले. कन्नड त्यांचं फार सुंदर आहे. म्हणाले, असा खेळाडू शतकात एखादा. म्हणाले, माणूस म्हटला की चूक होते, पण मृत्यू सगळ्या चुका धुऊन टाकतो, क्लबने त्याला मोठ्या मनाने क्षमा केली आहे.

क्षमा. तो शब्द ऐकून मी उभा राहिलो. माझी पाळी अजून आली नव्हती. हॉल माझ्याकडे वळला. मी कागद उघडला, पहिली दोन वाक्यं वाचली. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

"अण्णांनी चेंडू भिजवले नाहीत. सेक्रेटरीसाहेबांना हे त्या दिवशीच माहीत होतं."

हॉलमध्ये गलका झाला. सेक्रेटरींनी हात वर केला. "तरुण मित्र भावनेच्या भरात आहेत. मग भिजवले कुणी, तेही सांगावं."

पुढची ओळ माझ्यासमोर लिहिलेली होती. माझे वडील. दोन शब्द. मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवून तसाच उभा राहिलो. तीन दिवस ज्यांच्याकडे पाठ करून जेवलो, त्यांना माझ्याने या गर्दीच्या हाती देववेना. कंडक्टर रांगेतून ओरडत होता, "बोल कॉलेज, बोल! सोल त्याला!"

मागून कोणीतरी उठल्याचा आवाज झाला.

"मी भिजवले," अप्पा म्हणाले.

ते भिंतीच्या कडेने पुढे आले. दुकानातून तसेच आले होते, सदऱ्यावर दोरे चिकटलेले. त्यांनी सगळं सांगितलं, नारळाचं, कुंकवाचं, बाकावरच्या बोलण्याचं. सावकाश, कपड्याची मापं सांगावीत तसं. गल्लीतली माणसं उठून उभी राहत होती. कुणीतरी शिवी दिली. अप्पा थांबले, शिवी संपू दिली, मग पुढे बोलले. मी पुढे होऊन खिशातला उसवलेला चेंडू काढून टेबलावर ठेवला. लाल लोकर फोटोसमोर सुटून पडली.

शेवटी अप्पा सेक्रेटरींकडे वळले. "माझी चूक झाली, आणि मी गप्प बसलो तो गुन्हा झाला. मला काय करायचं ते ही माणसं ठरवतील. पण साहेब, तुम्ही दारात होतात."

"मला आठवत नाही."

"जोरात आहे पूजा, म्हणालात."

"चार वर्षं झाली, कोण काय म्हणालं..."

"दोन तुकडे मागून घेतलेत. भाच्याला. मी कापडाचं बिल असतं त्या कागदात बांधून दिले. तुम्ही म्हणालात, खोबरं गोड आहे."

सेक्रेटरींनी रांगेतल्या भाच्याकडे बघितलं. तो आता अंगाने भरलेला, मिशी राखलेला. त्याने मान खाली घातली, आणि हॉलमधल्या प्रत्येकाने ती खाली जाताना पाहिली.

त्यानंतर मला कागदाची गरज राहिली नाही. मी शिपायाकरवी पाटी भिंतीवरून उतरवली, टेबलावर फोटोच्या पुढ्यात आडवी ठेवली. अप्पांच्या खिशात कापडावर खुणा करायचा पांढरा चपटा खडू असतोच. मी तो मागितला. अप्पांना वाटलं, मी लिहिणार. मी तो सेक्रेटरींपुढे धरला.

"तुम्ही लिहा."

"रंगाऱ्याला सांगून पुढच्या आठवड्यात..."

"आत्ता."

कंडक्टरने त्याची कामावरची शिट्टी फुंकली. एकदा, लांब. कोणी हसलं नाही.

सेक्रेटरी लिहू लागले. कोटाची बाही पाटीला लागून पांढरी झाली. एका ओळीत नाव लिहून झालं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला. अक्का पहिल्या रांगेतून म्हणाली, "तीन ओळी होत्या." त्यांनी तो पुन्हा उचलला. तिसऱ्या ओळीला खडू मधेच मोडला, तर उरलेल्या तुकड्याने त्यांनी पुरं केलं. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो. त्यांच्या कानामागून घाम उतरताना मला दिसत होता, आणि मी ते मन भरून बघितलं. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. वाटायला हवं असेल कदाचित.

त्या नावावर हात फिरवायची कुणाची छाती झाली नाही. आठ दिवसांत क्लबने रंगारी आणून खडूच्या अक्षरांवरूनच सोनेरी रंग भरला. त्यामुळे पाटीवर अण्णांचं नाव आता त्याच माणसाच्या हस्ताक्षरात आहे. त्याच महिन्यात सेक्रेटरींनी क्लबचं काम सोडलं.

गल्लीने अप्पांना फार काही केलं नाही. महिनाभर बाक रिकामा होता. मग कंडक्टर एकदा येऊन बसला, म्हणाला, "पूजा आता भटजीला सांगू," आणि एवढ्यावर ते मिटलं.

अक्काचं मिटलं नाही. सभा सुटताना ती अप्पांसमोर उभी राहिली. "मामा, त्याने तुम्हाला गप्प राहायला सांगितलं हे खरं मानते. तो होताच तसा. पण त्याचं हवेत पाटी पुसणं तुम्ही बघितलं नाहीत, मी बघितलंय. त्या सेक्रेटरीला आज त्याचं मिळालं. तुमचं माझ्याकडे राहिलं आहे."

मला ती जेवायला बोलावते. मी दोनदा जाऊन आलो. ती ज्वारीची भाकरी करते, अण्णांच्या गोष्टी सांगते, मला अभ्यासाचं विचारते. अप्पांचं नाव काढत नाही. पूर्वी तिची आणि तिच्या मुलींची सगळी पोलकी आमच्याकडे शिवली जात. आता ती महिन्यातून एकदा गाडीने येते, कापडाची घडी काखेत धरून आमच्या दुकानावरून सरळ पुढे जाते, कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे. तो शिवतो वाईट. बाह्या घट्ट होतात, मी पाहिल्या आहेत. ती तशाच घालते.

ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की अप्पा मशीन थांबवून उठतात आणि ती पुढे जाईपर्यंत दारात उभे राहतात. ती बघत नाही. मग ते परत बसतात आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे देतात, कारण त्यानंतर थोडा वेळ त्यांना तो ओवता येत नाही.